अंदमान : सकाळचा समुद्र, संध्याकाळचा बाजार

अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सर्वप्रथम उभे राहते ते सेल्युलर जेल. सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक झाल्याशिवाय आपल्याकडील कोणाचीही अंदमानची सहल पुरी होत नाही आणि ते योग्यच आहे. मात्र तुरुंग पाहून झाला, की सहलीच्या कार्यक्रमात एक दिवस हमखास मोकळा ठेवलेला असतो. सकाळी बोटीने एखाद्या छोट्या बेटावर जायचे, पाण्यात मनसोक्त डुंबायचे आणि संध्याकाळी बाजारात जाऊन नातेवाईक, शेजारी आणि कचेरीतील सहकारी यांच्यासाठी काही ना काही घ्यायचे, असा त्या दिवसाचा बेत असतो. ज्या पाण्याला एकेकाळी 'काळे पाणी' म्हणून भिऊन असावे, तेच पाणी आता पैसे मोजून अनुभवण्याची गोष्ट झाली आहे.

या दिवसाचे दोन भाग वरवर पाहता अगदी वेगळे वाटतात. सकाळ निसर्गाची, संध्याकाळ खरेदीची. प्रत्यक्षात दोन्ही भाग एकाच गोष्टीवर उभे आहेत. सकाळी पाण्याखाली जे पाहून आपण हरखून जातो, तेच संध्याकाळी धुऊन, घासून, चकाकी आणून दुकानाच्या फळीवर मांडलेले असू शकते. हा संबंध नीट समजून घेतला, तर त्या दिवसाचा आनंद कमी होत नाही. उलट सहलीहून परतताना विमानतळावर होणारी फजिती आणि समुद्राचे होणारे नुकसान, दोन्ही टळते.

दिवस लवकर उजाडतो

अंदमानची बेटे मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांशांवर आहेत, पण घड्याळ मात्र तेच भारतीय प्रमाणवेळेचे. त्यामुळे तेथे सूर्य लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास अंधारू लागते. पाण्यातील सारे खेळ म्हणूनच सकाळी लवकर सुरू होतात व दुपारनंतर आवरते घेतले जातात. आपल्या नेहमीच्या सवयीने सावकाश नाश्ता करून दहा-अकराला निघणाऱ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही.

पोर्ट ब्लेअरहून (सप्टेंबर २०२४ मध्ये या शहराचे 'श्री विजयपुरम' असे नामकरण जाहीर झाले) एका दिवसात करण्याजोग्या जलसहली दोन. पहिली रॉस बेट आणि नॉर्थ बे यांची. रॉस बेटावर ब्रिटिश अमदानीतील मुख्यालयाचे भग्नावशेष आहेत. २०१८ च्या डिसेंबरात या बेटाला नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप हे नाव मिळाले. नॉर्थ बे तर आपल्या सर्वांच्या खिशात कधी ना कधी होते! वीस रुपयांच्या जुन्या नोटेच्या मागील बाजूस नारळीच्या झाडांमधून दिसणारा समुद्र आणि दीपगृह आहे, ते हेच. २०१९ मध्ये आलेल्या नव्या नोटेवर त्याची जागा आपल्या वेरूळच्या लेण्यांनी घेतली.

दुसरी सहल वंडूर येथून निघते. येथे १९८३ साली महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८१ चौरस किलोमीटर आहे व त्यात पंधरा बेटे येतात. त्यांपैकी जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे आलटून पालटून पर्यटकांसाठी खुली केली जातात. एका बेटावर वर्दळ असताना दुसऱ्याला विश्रांती मिळावी, हा त्यामागील हेतू. शेताला पड ठेवण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा विचार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. जॉली बॉयवर प्लॅस्टिकच्या पिशव्या व वेष्टने नेता येत नाहीत आणि हा नियम तेथे गांभीर्याने पाळला जातो.

काचेखालचे जग

ज्यांना पोहता येत नाही, त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट असते. बोटीच्या मध्यभागी बसवलेल्या काचेतून खालचा समुद्रतळ दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, की खाली खडक आहेत, त्यांवर झुडपे उगवली आहेत आणि त्यांतून रंगीत मासे हिंडत आहेत. यातील मासे तेवढे खरे. जे खडक वाटतात आणि जी झुडपे वाटतात, ती दोन्ही प्राण्यांची घडण आहे.

प्रवाळ हा वनस्पतींसारखा दिसणारा, पण प्राणिवर्गात मोडणारा जीव. त्याचा एक एक घटक, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरांचाच असतो. मऊ देहाची एक पिशवी, वर तोंड आणि तोंडाभोवती बारीक शुंडके, एवढाच त्याचा संसार. हे पॉलिप हजारोंच्या संख्येने एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या तळाशी चुन्याचा सांगाडा रचत जातात. पिढ्यान् पिढ्यांच्या सांगाड्यांनी मिळून प्रवाळभित्ती उभी राहते. पॉलिपच्या देहात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या शैवालांमुळेच असतो. म्हणूनच प्रवाळाला स्वच्छ, उथळ आणि उबदार पाणी लागते.

ही बांधणी अतिशय संथ गतीने चालते. फांद्यांसारख्या वाढणाऱ्या काही जाती वर्षाला दहा सेंटीमीटरपर्यंत वाढतात. पण घुमटासारख्या गोल जाती वर्षाकाठी जेमतेम एक सेंटीमीटर किंवा त्याहूनही कमी. फुटबॉलएवढा प्रवाळाचा गोळा तयार व्हायला दहा ते वीस वर्षे सहज लागतात. तो मोडायला पोहणाऱ्याची एक लाथ पुरते.

काचेतून पाहताना रंग फिके, निळसर दिसतात, अशी अनेकांची तक्रार असते. त्यात बोटवाल्याचा दोष नाही. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे थोड्या खोलीवर तांबडे-नारिंगी रंग निस्तेज होतात. खरे रंग पाहायचे असतील, तर सकाळी उन्हात, उथळ पाण्यावर तोंड पाण्यात घालून तरंगणे हाच उत्तम मार्ग.

पाण्यात उतरताना

या तरंगण्यालाच स्नॉर्केलिंग म्हणतात. डोळ्यांवर मुखवटा आणि तोंडात श्वासाची नळी, एवढीच सामग्री. पोहता न येणाऱ्यांनाही सोबतीचा माणूस रबरी कड्याला धरून फिरवून आणतो. 'सी वॉक' नावाच्या प्रकारात डोक्यावर मोठे शिरस्त्राण ठेवतात आणि वरून नळीने हवा सोडतात. पालथे घातलेले भांडे पाण्यात दाबले तर आतील हवा जशी कोंडून राहते, तसेच हे. त्यामुळे चेहरा कोरडा राहतो आणि चष्मासुद्धा काढावा लागत नाही. स्कूबामध्ये पाठीवर हवेची टाकी घेऊन प्रशिक्षकाबरोबर खाली जातात.

पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पाच-सात मीटर खोलीवरही कान दडपतात ते यामुळेच. नाक चिमटीत धरून हळूच हवा कानाकडे लोटली की आराम पडतो. सर्दी झालेली असताना मात्र खाली जाऊच नये. स्कूबा केल्यावर लगेच विमानात बसणे धोक्याचे असते. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. एकदाच खाली गेलेल्याने किमान बारा तास आणि अनेकदा गेलेल्याने किमान अठरा तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. परतीच्या दिवशी सकाळी स्कूबा उरकून दुपारचे विमान गाठण्याचा बेत कोणी सुचवला, तर तो सरळ नाकारावा.

किनाऱ्यावरील सूचनाफलकही गांभीर्याने घ्यावेत. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत. एप्रिल २०१० मध्ये हॅवलॉक बेटाजवळ (आताचे स्वराज द्वीप) एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. खाडीच्या मुखाशी, कांदळवनाजवळ अथवा अंधार पडल्यावर पाण्यात उतरणे हे धाडस नसून अविचार आहे.

आपली काळजी घेता घेता थोडी समुद्राचीही घ्यायला हवी. थकवा आला म्हणून प्रवाळावर उभे राहणे ही सर्वाधिक घडणारी चूक. पायाखाली जे कठीण लागते, त्यावर जिवंत त्वचा असते आणि ती चिरडली की त्या जागी रोगट शैवाल माजते. शिवाय आपल्याही पायाला कापते आणि तसली जखम लवकर भरत नाही. माशांना पाव, बिस्किटे टाकू नयेत. उन्हापासून बचावासाठी अंगभर लेप फासण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. काही लेपांतील ऑक्सिबेन्झोनसारखी रसायने प्रवाळाला घातक ठरू शकतात, म्हणून हवाई राज्याने अशा लेपांच्या विक्रीवरील बंदी २०२१ पासून अमलात आणली, तर पालाऊ या द्वीपराष्ट्राने २०२० मध्येच ती लागू केली.

फळीवरचे चकाकते शिंपले

दुपारी बोट परतते आणि पावले अबर्डीन बाजाराकडे वळतात. शिंपल्यांच्या माळा, की-चेन, आरशांच्या चौकटी, नाव कोरलेले शंख आणि दिवाणखान्यात ठेवायचे दिवे यांनी येथील दुकाने भरलेली असतात. किंमतही परवडणारी असते. एवढे शिंपले किनाऱ्यावर नुसते पडलेलेच असतील, वेचून आणले असतील, अशी आपली समजूत असते. ती बहुतांशी चुकीची आहे.

किनाऱ्यावर वाहून आलेला शिंपला लाटांनी झिजलेला, कडा तुटलेला, उन्हाने पांढुरका पडलेला असतो. दुकानातील शंखाची तुळतुळीत चकाकी बहुधा तो जिवंतपणी उचलल्याची खूण असते. आतील प्राणी उकळून किंवा वाळूत पुरून काढला जातो आणि मग कवच घासून, आम्लाने धुऊन चकाकी आणली जाते. 'ट्रोकस' नावाचा भोवऱ्यासारखा शंख मुळात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, खडबडीत असतो. त्याचे बाहेरचे पापुद्रे काढले की आतील मोत्यासारखा थर दिसू लागतो. 'टर्बो' हा हिरवट, वजनदार शंखही असाच. प्लॅस्टिक येण्यापूर्वी सदऱ्यांची भारी गुंडी या थरापासून बनत असे आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानी पाणबुडे त्यासाठी अंदमानच्या समुद्रापर्यंत येत असत.

आता या प्राण्यांचे समुद्रातील काम पाहा. ट्रोकस आणि टर्बो खडकांवरील शैवाल खरवडून खातात. ही साफसफाई होत राहिली, तरच प्रवाळाच्या नव्या पिल्लांना बसायला जागा मिळते. 'ट्रायटन' हा तुतारीसारखा देखणा शंख काटेरी मुकुटासारख्या तारामाशाला खातो. हा तारामासा प्रवाळाचा वैरी. एकटा तारामासा वर्षभरात काही चौरस मीटर प्रवाळ फस्त करू शकतो. ट्रायटन दिवाणखान्यात जाऊन बसला, तर तिकडे पहारा कोणी द्यायचा? रिकामा शंखसुद्धा वाया जात नाही. अंदमानच्या किनाऱ्यावर मुलांना ज्यांची सर्वाधिक गंमत वाटते, ते पाठीवर शंख घेऊन पळणारे संन्यासी खेकडे अशाच रिकाम्या शंखांत राहतात. वाढत्या देहाबरोबर त्यांना मोठे घर लागते आणि ते मिळाले नाही तर उघड्या मऊ पोटाने ते भक्ष्य ठरतात.

महाकाय शिंपल्याचे उदाहरण तर फार बोलके आहे. स्नॉर्केलिंग करताना खडकात रुतलेला, निळ्या-जांभळ्या मखमली ओठांचा शिंपला दिसला की सोबतचा माणूस मुद्दाम तो दाखवतो. आपण जवळ जाताच तो हलकेच मिटतो आणि पाहणारा थक्क होतो. सकाळी ज्याने आपल्याला थक्क केले, त्याच्या कवचाची साबणदाणी करणे कोणत्या रसिकतेत बसते?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. देवघरात पूजला जाणारा आपला शंख वेगळ्या जातीचा आहे. तो प्रवाळावर राहत नाही. मन्नारचे आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी येथील वाळूच्या तळावर राहतो. शंख-शिंपल्यांच्या व्यापाराची मोठी केंद्रेही तिकडेच, रामेश्वरम आणि कन्याकुमारी येथे आहेत. त्यामुळे अंदमानात घेतलेली माळ अंदमानचीच असेल, असे मानण्याचे कारण नाही. अंगठीतील पोवळ्याबाबतही हेच. बाजारात येणारे लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातून, तसेच जपान व तैवानच्या खोल समुद्रातून येते. 'हे खास अंदमानचे पोवळे' असे कोणी सांगितले, तर सावध व्हावे.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. वाघ, हत्ती, मोर यांच्यासाठी तो आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण २००१ साली प्रवाळभित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांनाही त्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. ट्रायटन, शिंगाळा शिरस्त्राण-शंख, कप्प्याकप्प्यांचा नॉटिलस आणि महाकाय शिंपल्याच्या जातीही त्यात आल्या. ट्रोकस आणि टर्बो यांचा समावेश त्याच वेळी चौथ्या परिशिष्टात झाला. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी केली आणि दंडही वाढवले. पहिल्या परिशिष्टातील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो.

म्हणजेच कायद्याच्या लेखी वाघाचे नख आणि प्रवाळाचा तुकडा हे एकाच पंक्तीतले आहेत. 'तुटून किनाऱ्यावर पडला होता, मी तोडला नाही' हा बचाव कामी येत नाही. विमानतळावर सामान क्ष-किरण यंत्रातून जाते, त्यात चुन्याचे कवच व सांगाडे स्पष्ट दिसतात आणि पिशवी उघडायला लावली जाते. मुलांनी हौसेने वेचलेला ऐवज तेथे काढून ठेवावा लागतो आणि रडारड होते ती वेगळीच. शिंपल्याची एखादी वस्तू घ्यायचीच असेल, तर ती परवानाधारक दुकानातून घ्यावी आणि पावती जपून ठेवावी. पण पावती म्हणजे सर्व गुन्हे माफ करणारी सनद नव्हे. प्रवाळाचा तुकडा पावतीसह घेतला, तरी तो बेकायदाच ठरतो.

आधीच जखमी असलेला समुद्र

एका पर्यटकाने एक शिंपला नेला तर काय बिघडले, असे कोणी विचारील. अंदमान-निकोबारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ८० हजार. तेथे दरवर्षी येणारे पर्यटकही लाखांत मोजावे लागतात. प्रत्येकाने मूठभर नेले, तर त्याचा हिशेब मांडणे अवघड नाही.

शिवाय हे प्रवाळ आधीच संकटात आहे. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा एखाद्या अंशानेही वाढले आणि काही आठवडे तसेच राहिले, तर पॉलिप आपल्या देहातील शैवाले बाहेर टाकतात. प्रवाळ पांढरेफटक पडते आणि तापमान वेळेत उतरले नाही तर उपासमारीने मरते. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे घडले. त्यातही २०१० चा तडाखा फार मोठा होता. मधल्या काळात २६ डिसेंबर २००४ चा भूकंप आणि त्सुनामी आली. भूकंपाने उत्तर अंदमानचा काही किनारा वर उचलला गेला आणि तेथील प्रवाळ पाण्याबाहेर येऊन जागीच मेले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर केली.

समुद्राचे तापमान आपण पर्यटक म्हणून कमी करू शकत नाही. भूकंपही रोखू शकत नाही. पण आजाऱ्याला बरे करता येत नसेल, तर निदान त्याच्या उशाखालचे पैसे तरी काढून घेऊ नयेत. ज्या भित्तीवर शैवाल खाणारे शंख व मासे टिकून असतात, ती संकटानंतर सावरण्याची शक्यता अधिक असते. आपल्या हातात आहे ते एवढेच, आणि ते कमी नाही.

मग आणावे तरी काय?

रिकाम्या हाताने परतावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. या बेटांवरचे दुकानदार आणि कारागीर यांचा संसार पर्यटकांच्या खरेदीवर चालतो आणि गिऱ्हाईक जे मागते तेच ते फळीवर ठेवतात. मागणी बदलली की माल बदलतो.

अंदमानचे पडौक लाकूड तांबूस छटेचे, टिकाऊ आणि देखणे असते. त्याच्या पेट्या, तबके, चालण्याच्या काठ्या आणि छोट्या मूर्ती मिळतात. नारळाच्या करवंटीचे दिवे, वाट्या, डाव आणि वेत व बांबूच्या टोपल्या उपयोगाच्याही असतात. निकोबारी विणकामाच्या चटया मिळाल्या तर अवश्य घ्याव्यात. लवंग, दालचिनी, मिरी आणि जायफळ ही पिके तेथे होतात. स्वयंपाकघरात ती महिनोन् महिने अंदमानची आठवण देत राहतील. 'सागरिका' हे सरकारी विक्री केंद्र खरेदीची सुरुवात करण्यास चांगले. भाव ठरलेले असतात, पावती मिळते आणि बाहेरच्या दुकानांतील भावांचा अंदाजही येतो. लाकडी वस्तूंचीही पावती जवळ ठेवावी. मोती घ्यायचे असल्यास ते कोठले आणि कोणत्या पाण्यातले, हे विचारून लिहून घ्यावे.

मुलांना शंख-शिंपल्यांचे आकर्षण असतेच. त्यांना शहरातील नौदलाच्या 'समुद्रिका' संग्रहालयात न्यावे. तेथे शंख आणि प्रवाळांचे नमुने नावानिशी पाहायला मिळतात. शक्य झाल्यास बेटावर जाण्याच्या आदल्या दिवशीच हे करावे. दुसऱ्या दिवशी पाण्यात तोंड घातल्यावर ज्याचे नाव ठाऊक आहे असा एक जरी जीव दिसला, तरी मुलांचा आनंद दुणावतो. किनाऱ्यावर सापडलेला शिंपला हातात घ्यावा, न्याहाळावा, छायाचित्र काढावे आणि पुन्हा वाळूत ठेवावा. थोडा वेळ तेथेच शांत बसले, तर एखादा संन्यासी खेकडा येऊन तो आपल्या मापाचा आहे का, हे चाचपून पाहतानाही दिसू शकेल.